कप्तान तोबे काय म्हणाला

शनिवार, २ सप्टेंबर, थाई बुद्ध संवत २५६६

नवा टॅब आला. पडदा कागदासारखा, अजिबात चमकत नाही, आणि पेन टेकवलं की शिसपेन घासल्यासारखा आवाज येतो. बान मो या विजेच्या वस्तूंच्या बाजारात, आमच्या गल्लीत हा पहिला माझ्याकडे. पेन मिळालंय तर लिहायला काहीतरी हवं, म्हणून दैनंदिनी. पन्नासाव्या वर्षी. बॅटरी ९८ टक्के.

आज महिन्याची बैठक होती. बारा वर्षं तोच पहिला शनिवार, संगणक बाजाराच्या वरच्या मजल्यावरचं तेच जेवणाचं दालन, खांबाजवळची तीच तीन टेबलं. ‘नभनौका सात’ ही थाईत आणलेली जपानी मालिका लहानपणी रविवारी सकाळी टीव्हीवर बघितलेले आम्ही वीसेक जण. गट मी काढला, म्हणून दोनतीन म्हातारे सोडले तर सगळे मला ‘पी तोंग’ म्हणतात, म्हणजे तोंगदादा. बाजारात नवं यंत्र आलं की ते आधी माझ्या पिशवीतून निघणार आणि बाकीचे माना पुढे काढून बघणार, ही गटाची रीत आहे. आज मी टॅब काढला आणि समोर बसलेल्या खिमने तिचा काढला. तोच. फक्त तिचा रंगीत.

“अरे वा, पी तोंग, तुम्हीपण घेतलात?” ती म्हणाली.

‘तुम्हीपण.’ मी माझा परत पिशवीत घातला.

खिमबद्दल एकदाच लिहून टाकतो, म्हणजे डोकं हलकं होईल. वय एकोणतीस. सिनेमाच्या आवाजाचं काम करते, दोन वर्षं जपानात राहून आली आहे. फेब्रुवारीपासून बैठकीला येते आणि येताना माझ्यासाठी डब्यात कप्राव भात आणते, म्हणजे तुळशीची पानं घालून परतलेलं मांस आणि भात, वर तळलेलं अंडं. ही लाच आहे. मी हात लावत नाही. मग तो देच खातो. देच म्हणजे बान मोत माझ्या दुरुस्तीच्या गाळ्याशेजारी स्पीकर विकणारा, तीस वर्षांपासूनचा माझा मित्र. भात दिसला की मात्र तो कोणाचाच मित्र नसतो.

खरी बाचाबाची पुढे झाली. नव्या टी-शर्टांचा विषय निघाला. पाठीवर आमचं नेहमीचं वाक्य छापायचं ठरलं होतं, ‘जेवलास का?’ मालिकेचा पहिलाच भाग. लाल ग्रहावर गुहेचं दार उघडतं, समोर तीन डोळ्यांचा प्राणी, सगळ्यांनी बंदुका रोखलेल्या, आणि कप्तान तोबे एकटा पुढे होऊन विचारतो, ‘जेवलास का?’ एवढ्या एका वाक्यासाठी मी आयुष्यभर त्या माणसाचा भक्त आहे. गटाच्या पानावर मी हे पहिल्यांदा लिहिलं तेव्हा खाली पन्नास जणांनी लिहिलं होतं, हो हो, मलाही आठवतंय. आम्ही भेटलो की एकमेकांना हेच म्हणतो.

खिम म्हणाली, “पण मूळ मालिकेत तो असं म्हणत नाही हो. तो म्हणतो, आम्ही शांततेसाठी आलो आहोत. मी परवाच बघितला तो भाग.”

“जपानीत म्हणत नसेल,” मी म्हणालो. “थाईत म्हणतो.”

“असेल. ते जुनं थाई ध्वनिमुद्रण कोणाकडेच नाही, नाहीतर खात्री करता आली असती.”

देच भात चावत म्हणाला, “खरंच रे तोंग, आपल्याला आठवतं ते कप्तानाने म्हटल्यामुळे, की तू सांगितल्यामुळे?”

लुंग सनान समोरच होते. कप्तान तोबेचा थाई आवाज यांचा. लुंग म्हणजे काका, पण ते कोणाच्याच नात्यातले नाहीत आणि सगळ्यांचे आहेत. वय चौऱ्याहत्तर. सनान या नावाचा अर्थच दणदणीत, आणि आवाज तसाच होता, गेल्या सहा महिन्यांत घोगरा झालाय. दर बैठकीत आम्ही त्यांना विचारतो, “लुंग, जेवलात का?” आणि ते कप्तानाच्या थाटात म्हणतात, “जेवलो!” मग टाळ्या. आज मी म्हणालो, “लुंग, तुम्हीच सांगा हिला.” त्यांनी घशाकडे बोट दाखवलं आणि चहाचा कप तोंडाला लावला.

टी-शर्ट पुढच्या बैठकीवर ढकलले. माझ्याच गटात, माझ्याच वाक्यावर, मला खोटं पाडलं.

मंगळवार, ५ सप्टेंबर

लुंगच्या घशात कर्करोग आहे. २६ तारखेला स्वरयंत्र काढणार. देचने सकाळी सांगितलं आणि दोघांनीही बराच वेळ गाळे उघडले नाहीत.

दुपारी खिम आली. तिच्याकडे योजना तयार होती. माणसाचं जुनं बोलणं पुरेसं मिळालं, तर यंत्राला त्याचा आवाज शिकवता येतो. मग लुंगनी फोनवर टाइप करायचं आणि त्यांचाच आवाज बोलणार. आत्ताचा घोगरा नाही, तेव्हाचा, कप्तानाचा. पण तेव्हाचं काही उरलेलं नाही. वाहिनीने त्या फिती पुसून परत वापरल्या, आणि पुढे मालिका पुन्हा लागली ती दुसऱ्याच माणसाच्या आवाजात.

“पी तोंग, तुम्ही लहानपणी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भाग उतरवायचात ना? इंटरनेटवरच्या तुमच्या जुन्या लेखात वाचलं होतं.”

“पुरात गेल्या त्या कॅसेट,” मी म्हणालो.

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग हात जोडून गेली.

कॅसेट पुरात गेलेल्या नाहीत. आईच्या कपाटावर बिस्किटांच्या डब्यात आहेत, चौदा. पुराची थाप मी बारा वर्षांपूर्वी मारली, कारण गटातल्या एकाने एक कॅसेट नेली आणि तिच्यावर लग्नातली गाणी भरून परत दिली. तेव्हापासून कोणी मागितलं की पूर. आज तोंडातून सवयीने निघालं. मग ते मागे घेता आलं असतं. घेतलं नाही.

का घेतलं नाही, ते इथे तरी खरं लिहावं. कॅसेट दिल्या तर माझं वाक्य खरं ठरेल, ही एक बाजू. पण मग लुंगना आवाज कोणी दिला? खिमने. माझ्या कॅसेटी, माझं बालपण, माझे लुंग, आणि नाव तिचं. फेब्रुवारीत आलेली मुलगी. मी जळतो तिच्यावर. लिहून टाकलं. तिच्या गळ्यातल्या त्या जपानी हेडफोनवरही जळतो.

शनिवार, ९ सप्टेंबर

ती परत आली होती. लुंगच्या गळ्यात अडकवता येईल असा छोटा स्पीकर हवा, त्याची पेटी मी बनवावी, असं म्हणणं. “तुमच्याइतकी बारीक जोडणी बान मोत कोणाची नाही.” मस्का. मी म्हणालो, गाळ्यात पडलेले फोन आधी दुरुस्त व्हायला हवेत, वेळ नाही.

माझ्या टेबलावर एक सुटलेली तार होती. ती बोलता बोलता तिने डाग देऊन जोडली. टाका गोल, चकचकीत, माझ्यासारखाच. कुठे शिकलीस विचारलं तर म्हणते, “तुमच्या जुन्या लेखांवरून. बारा वर्षांची होते, मामाचा रेडिओ बिघडवला होता.”

‘जुन्या’ हा शब्द दोन भेटींत दोनदा.

डबा ठेवून गेली. देचने खाल्ला. अंडं अर्धवट कच्चं होतं म्हणाला, मला आवडतं तसं. तिला काय माहीत मला कसं आवडतं.

गुरुवार, १४ सप्टेंबर

ठरलं. हे यंत्र मीच करणार. एकट्याने. ती जे करते ते मला का येऊ नये? तीस वर्षं यंत्रांतच गेली. संगणकावर आवाज शिकवणारी प्रणाली उतरवून घेतली. सरावासाठी देचचा आवाज घातला. तीन तासांनी जे बोलायला लागलं ते ऐकून देच म्हणाला, “मी असा बोलत असेन तर बायको टिकली कशी?”

मंगळवार, १९ सप्टेंबर

कॅसेटी अजून ऐकलेल्याच नाहीत. जुना टेपरेकॉर्डर उघडला तर आतला रबरी पट्टा वितळून डांबर झालेला. पाच बोटं काळी. नवा पट्टा मागवला आहे. कॅसेटींवर बुरशीचे पांढरे ठिपके आहेत. घाई करून लावल्या तर फीत तुटेल.

सात दिवस उरले. खिमला सांगितलं तर दोन दिवसांत होईल. तेच तर नको आहे.

रविवार, २४ सप्टेंबर

लुंगकडे गेलो. आवाज जवळजवळ गेलाच आहे, पुढे वाकून ऐकावं लागतं. खुर्चीत बसून संत्री सोलत होते. मला एक देऊन म्हणाले, “आयुष्यभर दुसऱ्यांच्या ओठांवर माझा आवाज बसवला. आता माझ्या ओठांवर कोण बसणार, ते कान शाबूत असताना, गळा असताना ऐकून घ्यायचं होतं. पसंत नसेल तर नाही म्हणता आलं असतं. तोंडाने.”

मी म्हणालो, होईल काहीतरी.

“त्या पोरीने खूप शोधलं. चिआंग माईला कोणाच्या पोटमाळ्यावर जाऊन आली बिचारी.” मग हसले. “लेकीसारखी आहे.”

मला ते बारा वर्षांत मुलासारखा म्हणाले नाहीत.

घरी येऊन बिस्किटांचा डबा कपाटावरून खाली काढला. टेबलावर ठेवला. जेवलो. डबा परत वर ठेवला. असा माणूस आहे मी.

मंगळवार, २६ सप्टेंबर

झाली शस्त्रक्रिया. नीट झाली. खिम तिथेच होती, देचही. मी बाहेर वाहनतळावर उभा राहून आलो.

रविवार, १५ ऑक्टोबर (साध्या वहीत)

टॅब माझ्याकडे नाही. का नाही ते लिहितो.

काल दुपारी लुंगना त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी शेवयांच्या गाडीवर घेऊन गेलो. गळ्याला रुमाल, चेहरा उतरलेला, पण आता पातळ काही खाता येतं. मी मागवू का म्हणालो तर त्यांनी हात वर केला आणि फोन काढला. फोनच्या तयार आवाजांत थाई बोलणारा एकच आहे, पोरीचा. बातम्या देणाऱ्या पोरीचा. लुंगनी टाइप केलं आणि तो आवाज गाडीवर खणखणीत म्हणाला, “बारीक शेवया, रस्सा जास्त, मिरची नको, क्रप.” आमच्याकडे ‘क्रप’ म्हणून वाक्य पुरुष संपवतात. बायका ‘खा’ म्हणतात. त्या पोरीच्या तोंडी क्रप ऐकून गाडीवाला मागे वळला आणि लुंगना बघून हसतच सुटला.

“ताई, कोथिंबीर चालेल ना?”

बाकावरचे दोघेही हसले. लुंगसुद्धा हसले, बिनआवाजाचं. ते सभ्य गृहस्थ आहेत, दुसऱ्याचा विनोद पाडत नाहीत. फोन खिशात ठेवला आणि नंतर पाणी हवं होतं तेव्हा बोटाने दाखवलं. या माणसाने एकेकाळी रविवारी सकाळी अख्ख्या देशातली पोरं जागच्या जागी बसवली होती.

बिस्किटांचा डबा डोळ्यांसमोर आला. पण मी काय केलं, तर पिशवीतून टॅब काढून त्यांच्या हातात दिला. म्हणालो, “लुंग, यावर लिहा. फोनमधल्या त्या पोरीपेक्षा तुमचं अक्षर बरं. राहू दे तुमच्याकडे.” त्यांनी पेन घेऊन पडद्यावर एक फुलपाखरू काढलं, इतके खूश झाले. आणि मला काय आनंद, तर हे खिमला सुचलं नव्हतं. येताना शीळ घालत आलो.

आज सकाळी लिहायला पेन शोधलं तेव्हा लक्षात आलं. दैनंदिनी त्यातच आहे. कुलूप लावलेलं नाही. पहिल्याच पानावर उघडते.

बुधवार, १८ ऑक्टोबर

दोन दिवस हिंमत झाली नाही. आज गेलो. लुंगनी टॅब दारातच परत दिला, बॅटरी १०० टक्के. चेहऱ्यावर काही नाही. मी हात जोडले, त्यांनी जोडले. घरी येऊन उघडला. ५ सप्टेंबरच्या पानाखाली त्यांचं अक्षर आहे, मोठं, शाळामास्तरासारखं. पुसणार नाही. असं आहे:

‘चुकून उघडलं. मग चुकून सगळं वाचलं. टेप आण. ओरडणार नाही, ती सोय काढून टाकली आहे. कप्तान काय म्हणाला ते मला विचारू नकोस, टेपला विचार. आणि देच एवढा खातो तर भात चांगला असणार. – सनान’

मला पळून जावंसं वाटतंय. पण या वयात कुठे पळणार, आणि गाळा कोण बघणार.

शनिवार, २१ ऑक्टोबर

खिमला सकाळी गाळ्यावर बोलावलं. डबा टेबलावर ठेवला, झाकण काढलं आणि म्हणालो, “पुरात गेल्या नव्हत्या.”

“माहीत होतं मला,” ती म्हणाली.

“कसं?”

“पुराच्या वर्षी तुम्ही लिहिलं होतं, पाणी गुडघ्यापर्यंत आलं, वरच्या मजल्यावर सगळं कोरडं, भिजली फक्त मांजर. आणि कॅसेट वर असतात हे त्याच्या आधीच्या वर्षी लिहिलं होतं.”

“मग त्याच दिवशी तोंडावर का नाही म्हणालीस?”

“मोठ्या माणसाला एकदा खोटं पाडलं होतं, सगळ्यांदेखत. घरी जाऊन रडू आलं मला. परत कशी पाडू?” तिने डब्यात बोट घालून कॅसेटी मोजल्या. “वाटलं होतं द्याल. वेळेवर द्याल असं वाटलं होतं.”

शेवटचं वाक्य ती माझ्याकडे न बघता बोलली. देच शेजारून सगळं ऐकत होता, पहिल्यांदाच त्याने टोमणा मारला नाही.

मग कामाला लागलो. पट्टा मी बदलला. बुरशी कापसाने पुसली, वीतभर वीतभर, दोघांनी एकेक टोक धरून. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, हे मान्य. टेपची तार तिच्या संगणकाला जोडली. पडद्यावर आवाज रेघांमध्ये दिसतात. संगीत वेगळं, माणसं वेगळी. तिने सांगितलं, कप्तानाची रेघ निळी. पहिली कॅसेट, पहिला भाग. हेडफोन एकच होता, तिच्या कानावर.

लाल ग्रह आला. मला पडद्यावरून कळतं, तो भाग मला श्वासागणिक पाठ आहे. दाराचा घरघराट, मग शांतता. शांततेत एक नारिंगी रेघ उठली. निळी नाही. खिमचा चेहरा बदलला. तिने टेप थांबवली, मागे घेतली, परत ऐकली. मग हेडफोन काढून माझ्यासमोर धरला.

दाराचा घरघराट. शांतता. आणि मागून, भांड्यांच्या आवाजातून, माझी आई:

“तोंग, जेवलास का?”

मग जवळून एका पोराचा रागीट आवाज, “शूऽऽ!” आणि त्यानंतर कप्तान तोबे, ऐन भरातले लुंग सनान: “आम्ही शांततेसाठी आलो आहोत.”

आई पुढच्या खोलीत भात आणि कालवणं विकायची. रविवारी सकाळी गर्दी असायची, तरी मधूनच टीव्हीकडे मान वळवून विचारायची. मी दर रविवारी ‘शू’ करायचो, टेप खराब होते म्हणून. मग ती टेप हजार वेळा ऐकली. केव्हातरी माझ्या डोक्यात तिचं वाक्य त्याच्या तोंडात जाऊन बसलं. आईला जाऊन चौदा वर्षं झाली.

माझ्या आईचा आवाज आधी खिमने ऐकला. याचासुद्धा मला हेवा वाटला, तिथेच, रडता रडता.

तिने टेप थांबवली आणि म्हणाली, “पी तोंग, यंत्राला शिकवताना दुसरे आवाज गाळून टाकावे लागतात. ही नारिंगी रेघ काढू?”

“यंत्राला देऊ नकोस,” मी म्हणालो. “पण टाकून नको देऊस.”

तिने ती वेगळी काढून ठेवली. तिला नाव काय द्यायचं विचारलं. मी सांगितलं, आई.

सोमवार, ३० ऑक्टोबर

स्पीकरची पेटी मी बनवली. देचने त्याचा सगळ्यात चांगला छोटा स्पीकर दिला. हाताने घासून गोल केली, रुमालाखाली टोचू नये म्हणून. खिमने हातात घेऊन उलटीसुलटी केली आणि म्हणाली, “सुंदर.” यावेळी ‘जुनी’ म्हणाली नाही. मी वाट बघत होतो.

लुंगनी आवाज ऐकला म्हणे काल, तिच्याकडे. मला कोणी बोलावलं नाही. पसंत पडला का विचारलं तर म्हणे, शनिवारी कळेल. मला बोलावलं नाही!

शनिवार, ४ नोव्हेंबर

बैठक. ऑक्टोबरची लुंगच्या आजारपणामुळे रद्द झाली होती, आज सगळे आले होते, एरवी न येणारेसुद्धा. लुंग मधल्या खुर्चीत, गळ्याशी माझी पेटी, रुमालाआड. मी ठरवून गेलो होतो. टी-शर्टांचा विषय निघायच्या आधीच उभा राहिलो.

म्हणालो, “कप्तान तोबे ‘जेवलास का’ असं म्हणत नाही. खिमचं बरोबर होतं. ते वाक्य माझ्या आईचं आहे. ती पलीकडे स्वयंपाक करत होती. मी लहान होतो, गोंधळ झाला. आणि कॅसेटी माझ्याकडे होत्या. पुरात गेल्या नव्हत्या. वेळेवर दिल्या असत्या तर लुंगना आवाज आधी ऐकता आला असता. दिल्या नाहीत.” एवढं बोलायला मला किती वेळ लागला ते देचला विचारावं.

एकजण टेबलाखाली आपला जुना टी-शर्ट ओढून त्यावरचं वाक्य बघत होता. देच म्हणाला, “म्हणजे आम्ही बारा वर्षं तुझ्या आईला सलाम ठोकतोय.”

लुंगनी फोन घेतला. हळूहळू टाइप केलं, एका बोटाने. मला वाटलं, आता मला बोलणार. बोलायचा हक्क होता.

माझ्या पेटीतून कप्तान तोबे बोलला. घोगरा नाही, पोरीचा नाही. लाल ग्रहावरचा, दणदणीत. आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक चमचे हातात धरून वळले.

“तोंग, जेवलास का?”

बारा वर्षं आम्ही त्यांना विचारत होतो आणि ते ‘जेवलो’ म्हणत होते. ते वाक्य स्वतः त्यांनी एकदाही उच्चारलं नव्हतं, हे मला तेव्हा, त्या क्षणी कळलं. जे कधी म्हटलं नव्हतं ते म्हटलं असं ते खोटं बोलले नाहीत. आणि आमचं मनही मोडलं नाही.

“आता तर कप्तान म्हणाला ना,” खिम म्हणाली. “छापा.”

सगळे हसायला लागले. लुंग हसत नव्हते. फोन हातात धरून माझ्याकडे बघत होते, उत्तराची वाट बघत. देचने मला कोपर मारलं. “अरे, कप्तान विचारतोय.”

एक्केचाळीस वर्षांपूर्वी मी ‘शू’ केलं होतं.

“नाही अजून,” मी म्हणालो.

खिमने डबा माझ्यासमोर सरकवला. अंडं अर्धवट कच्चं, मला आवडतं तसं. मी चमचा घेतला आणि सगळा संपवला, देच बघत असताना. मिरची जरा कमी होती.